पोटरीवर घट्ट बसणारे लांब मोजे हातानं विणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे ज्यांनी विणलेत, एखादा स्वेटरही पार पडलाय आणि आता स्वतःच्या पायासाठी गुडघ्याखालपर्यंतचे मोजे विणायचेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सुलट-उलट विणणं, टाके घालणं, टाके बंद करणं येतं असं धरलं आहे. खालचे आकडे एका विशिष्ट पायाचे आहेत. त्यातून हिशोबाची रीत घ्या, आकडे घेऊ नका.

माझ्याकडे छान पॅटर्न आहे. तो तसाच विणला तर काय बिघडलं?

घोट्यापर्यंतच्या मोज्याला काही बिघडत नाही. तो जवळजवळ सरळ नळीच असतो, अर्धा सेंमी इकडेतिकडे झालं तरी लोकर सांभाळून घेते. लांब मोज्यात मात्र पोटरी येते आणि सगळं गणित तिथं फसतं. घोट्याचा घेर २२ सेंमी असलेल्या दोन जणींपैकी एकीची पोटरी ३२ भरते, दुसरीची ४०. पॅटर्न लिहिणारीच्या डोळ्यांसमोर तिसरीच कुणीतरी असते. तेव्हा पॅटर्नमधून नक्षी घ्या, टाचेची पद्धत घ्या, पण टाक्यांची संख्या स्वतःच्या पायावरूनच काढा.

मापं कुठं आणि कशी घ्यायची?

संध्याकाळी, उभं राहून, आणि शक्यतो दुसऱ्याकडून. स्वतः वाकून टेप लावला की पोटरीचा स्नायू आकार बदलतो. घेर चार ठिकाणी घ्यायचे: गुडघ्याच्या वाटीखाली पाय जिथं बारीक होतो तिथं, पोटरीच्या सर्वांत जाड भागावर, घोट्याच्या वर सर्वांत बारीक भागावर आणि चवड्यावर. याखेरीज पावलाची लांबी.

बहुतेक जणी इथं थांबतात आणि उंची घ्यायच्या विसरतात. गुडघ्याखालची जागा जमिनीपासून किती उंच, पोटरीचा जाड भाग किती उंच, घोट्याची बारीक जागा किती उंच, हे लिहून ठेवा. टाके कुठं कमी करायला लागायचं आणि कुठं थांबायचं ते या आकड्यांवरूनच ठरतं. दोन्ही पाय मोजा. पोटऱ्यांमध्ये एक सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर दोन मोजे वेगळे विणायला काहीच हरकत नाही, लोक तेवढं बघत नाहीत.

छोटा नमुना विणून बघणं खरंच गरजेचं आहे का?

हो. आणि तो गोल विणलेला हवा, सपाट नको. सपाट विणताना एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट आणि एक उलट जाते, आणि बहुतेकांची उलट सुई जरा सैल असते. गोल विणताना सगळ्या फेऱ्या सुलटच, त्यामुळे माप वेगळं येतं. नमुना धुऊन, वाळवून, मधल्या भागात मोजा. कडेला मोजू नका.

कंटाळा येतो हे मान्य. पण ९६ टाक्यांच्या पोटरीवर, सेंमीला ३ टाके समजलात आणि प्रत्यक्षात २.८ पडले, तर मोजा ३२ सेंमीऐवजी ३४ च्या वर जातो. दोन सेंमी सैल मोजा तासाभरात घोट्याशी गोळा होतो.

टाक्यांचा हिशोब एकदा करून दाखवाल का?

धरा, नमुन्यात १० सेंमीला ३० टाके आणि ४२ फेऱ्या आल्या. पायाची मापं: गुडघ्याखाली ३३, पोटरी ३६, घोट्याच्या वर २२ सेंमी.

मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के लहान विणायचा, म्हणजे तो ताणून बसतो. पोटरी ३६ ची नव्वद टक्के ३२.४; गुणिले ३ म्हणजे ९७, आपण ९६ घेऊ. घोटा १९.८ गुणिले ३ म्हणजे ६०. गुडघ्याखाली २९.७ गुणिले ३ म्हणजे ८९, त्याचे ८८ करू, कारण दोन सुलट-दोन उलट बॉर्डरला चारच्या पटीतले टाके लागतात.

आता वरून खाली. ८८ टाके घालून ५ सेंमी बॉर्डर. मग दर चौथ्या फेरीला दोन टाके वाढवत चार वेळा वाढवलं की ९६ होतात, त्यात चारेक सेंमी जातात. पोटरीच्या जाड भागावर ५ सेंमी सरळ. पुढं ९६ चे ६० करायचे, म्हणजे ३६ टाके कमी, दर वेळी दोन, म्हणजे अठरा वेळा. दर चौथ्या फेरीला कमी केलं तर ७२ फेऱ्या, सुमारे १७ सेंमी. मग ६० टाक्यांवर ६ सेंमी सरळ आणि टाच. एकूण ३७ सेंमी, त्यात टाचेचे ६–७ सेंमी धरले की बॉर्डरच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत साधारण ४३–४४.

तुमच्या पोटरीपासून घोट्यापर्यंतचं अंतर १७ न भरता १४ च भरलं तर? ७२ ऐवजी ५९ फेऱ्या मिळतात. मग अठरांपैकी काही वेळा दर चौथ्या आणि काही वेळा दर तिसऱ्या फेरीला कमी करा. आधी जवळजवळ आणि खाली लांब लांब ठेवलं तर पोटरीच्या उताराशी जास्त जुळतं, कारण पोटरी वरून झपकन बारीक होते आणि घोट्याजवळ सावकाश.

टाके नेमके कुठं कमी करायचे? कडेला की मागं?

मागं. पोटरीचा फुगवटा मागंच असतो, पुढं नडगीचं हाड सरळ असतं. कडेला कमी केलं तर मोजा पायावर हळूहळू फिरतो.

जुन्या हातविणीच्या मोज्यांत मागच्या मध्यावर वरपासून टाचेपर्यंत एकच उलट टाका नेलेला असायचा. ती खोटी शिवण. तिनं दोन कामं होतात: फेरी कुठं सुरू झाली ते समजतं, आणि टाके कमी करायला खूण मिळते. शिवणीच्या अलीकडे एक टाका सोडून दोन टाके एकत्र, पलीकडेही एक सोडून दोन एकत्र, पण त्या बाजूची जोड विरुद्ध दिशेला कललेली हवी. त्यासाठी दोन टाके एकेक करून सुलट विणायच्या पद्धतीनं नुसते उजव्या सुईवर घ्यायचे, मग दोन्हींत डावी सुई पुढून घालून एकत्र विणायचे. मागून पाहिलं की शिवणीच्या दोन बाजूंनी खाली उतरत जाणाऱ्या दोन रेषा दिसतात. हातविणीच्या मोज्याचं सगळ्यांत देखणं अंग हेच, असं माझं मत.

सुया कोणत्या नंबरच्या घ्यायच्या?

आपल्याकडे सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात, नंबर वाढला की सुई बारीक. मोज्यांना १२ (२.७५ मिमी) किंवा १३ (२.२५ मिमी) लागते. परदेशातल्या मुलीनं किंवा सुनेनं अमेरिकन सुया पाठवल्या असतील तर तिथं उलटा कारभार आहे: त्यांची १ नंबर म्हणजे २.२५ मिमी, आणि नंबर वाढला की सुई जाड. भांडण नको म्हणून मिलिमीटरच बघा.

पाच आखूड, दोन्ही टोकं निमुळती असलेल्या सुयांवर विणा, नाहीतर लांब तारेच्या एकाच गोल सुईवर तार मधून बाहेर काढत विणा. पोटरीच्या ९६ टाक्यांना मला तारेची सुई सोयीची वाटते, टाके निसटत नाहीत.

दोन सुयांच्या सांध्यावर उभी फट पडते, काय करू?

त्या सांध्यावर पहिल्यापेक्षा दुसरा टाका जास्त ओढा. पहिला टाका कितीही आवळला तरी उपयोग होत नाही, दुसरा आवळला की पहिला आपोआप जाग्यावर बसतो. तरीही पडली तर दर काही फेऱ्यांनी सांधा दोन टाके पुढं सरकवा. थोडीफार फट पहिल्या धुण्यात बुजते.

कुठली लोकर? दुकानात मिळते ती चालेल का?

आपल्या बाजारपेठांतल्या लोकरीच्या दुकानांत जे ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. स्वेटरला, टोपडयाला ठीक. मोज्याला त्याचा त्रास असा, की ते घाम शोषत नाही, आणि एकदा गरम इस्त्री किंवा वाफ लागली की लुळं पडतं, पुन्हा आवळत नाही. लांब मोज्याला तर ताणून परत येणारा धागाच हवा. खरी लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा धरूनही ओली लागत नाही आणि ताणून सोडली की मूळ जागी येते.

सर्वांत टिकाऊ म्हणजे ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन असं मोज्यांसाठीच काढलेलं सूत, १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास. नुसती मेरिनो मेंढीची लोकर मऊ असते खरी, पण टाचेला लवकर विरते. सुती धागा नकोच. दिवाळीच्या सकाळी घातलेला सुती मोजा फराळाआधी खाली आलेला असतो.

हिमाचलात गेलात तर लाहौलचे मोजे जरूर बघा. तिथल्या हातविणीच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. रंगांची नक्षी सुरेख, वीण जाड आणि घट्ट. पण ती वीण बर्फासाठी आहे, बुटात घालायच्या चापूनचोपून मोज्यासाठी नाही.

किती लोकर लागेल?

गुडघ्याखालपर्यंतच्या जोडीला १०० ग्रॅमचे दोन गुंडे, थोडी उरते. गुडघ्याच्या वर जाणार असाल तर तीन. लेबलवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) एकच आहे ना ते पाहून घ्या, नाहीतर एका पोटरीला पट्टा पडलेला दिसेल.

मोजे खाली घसरू नयेत म्हणून काय करायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर बॉर्डर आवळण्यात नाही. मोजा टिकतो आकारामुळं. गुडघ्याच्या वाटीखाली पाय पोटरीपेक्षा बारीक असतो. मोजाही तिथं तसाच बारीक असला, तर त्याला खाली यायला पोटरीचा डोंगर ओलांडावा लागतो. म्हणून वरच्या हिशोबात ८८ टाके घालून ९६ पर्यंत वाढवले आहेत. अनेक जणी वरपासून थेट ९६ नं सुरुवात करतात आणि मग दोष लोकरीला देतात.

दुसरी गोष्ट लांबी. बॉर्डर नेमकी त्या बारीक जागेवर यायला हवी. दोन सेंमी कमी पडली तर ती पोटरीच्या उतारावर बसते आणि घसरते. तिसरी गोष्ट, टाके घालतानाच सैल घाला. दोन सुया एकत्र धरून त्यांवर घातले तर कड ताणते. कड ताणली नाही तर मोजा पोटरीवरून वरच चढत नाही, किंवा चढला तर लाल वळ उठवतो.

एवढं करूनही भरवसा नसेल तर बॉर्डरच्या मागच्या बाजूनं बारीक इलॅस्टिकचा दोरा दोन-तीन फेऱ्यांत ओवून टाका. पूर्वी गुडघ्याखाली फीत बांधायचे. स्कॉटलंडमध्ये किल्टखालच्या (पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या घागऱ्याखालच्या) मोज्यांना अजूनही ती असते, वरची दुमड तिच्यावर येते. अशी दुमड विणायची असेल तर नक्षी आतल्या बाजूला येईल अशी विणा, नाहीतर दुमडल्यावर उलटी बाजू दिसते.

मग मांडीपर्यंतचे विणले तर घसरणार नाहीत ना?

जास्त घसरतील. मांडी वर जाड, खाली बारीक. अडकायला काहीच नाही. त्याला पट्टे तरी लागतात किंवा आतून चिकटती सिलिकॉनची पट्टी शिवावी लागते. शिवाय मांडी ५० सेंमी असली तर त्याच हिशोबानं १३५ च्या आसपास टाके, म्हणजे प्रत्येक फेरी दीडपट. पहिली जोडी गुडघ्याखालचीच करा.

वरून खाली विणू की बोटांकडून वर?

दोन्ही बाजूंच्या जणी हट्टाला पेटतात. बोटांकडून सुरू केलं तर घालून बघत बघत जाता येतं आणि लोकर संपेपर्यंत विणता येतं. हे फायदे खरेच.

तरी मी वरून खालीच्या बाजूची. कारण विणकाम सहज उसवतं ते जिथं संपवलं त्या टोकाकडून. मोजा आधी विरतो तो टाचेला आणि बोटांना. वरून खाली विणलेला असेल तर बोटांकडून घोट्यापर्यंत उसवायचं, टाके सुईवर घ्यायचे आणि नवं पाऊल विणायचं. पोटरीची सगळी मेहनत शाबूत. इंग्लंडात हातविणीच्या काळात जुन्या मोज्याला नवं पाऊल लावून घेणं ही रोजची गोष्ट होती.

टाच समजत नाही. सोप्या भाषेत सांगा.

वाचताना डोकं फिरतं, सुया हातात घेतल्या की समजतं. सुया घेऊनच वाचा.

६० पैकी मागचे ३० टाके घ्या, पुढचे ३० तसेच राहू द्या. या ३० वर सपाट पट्टी विणायची, ३० सुया. सुलट बाजूला ‘एक टाका न विणता उचला, एक सुलट’ असं शेवटपर्यंत. उलट बाजूला पहिला टाका उचलून बाकी सगळे उलट. यामुळं पट्टी दुहेरी जाड होते आणि दोन्ही कडांना १५–१५ मोठे टाके तयार होतात.

आता वळण. १७ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि तिथूनच काम उलटवा. बाकीचे टाके तसेच. पहिला उचला, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, उलटवा. आता सुईवर वळणापाशी एक फट दिसेल. दर वेळी पहिला टाका उचलायचा, फटीच्या एक टाका अलीकडेपर्यंत विणायचं, फटीच्या दोन्ही बाजूंचा एकेक टाका एकत्र करायचा, पुढचा एक विणायचा आणि उलटवायचं. कडेचे सगळे संपले की १८ टाके राहतात आणि हातात टाचेची वाटी आलेली असते.

मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून प्रत्येकी १५ टाके उचला, कोपऱ्यात भोक पडू नये म्हणून एकेक जादा. १८, १६, १६ आणि पुढचे ३०, मिळून ८०. पुन्हा गोल. दर दुसऱ्या फेरीला दोन्ही बाजूंना एकेक कमी करत दहा वेळा केलं की परत ६०.

आणि बोटं?

पावलाच्या एकूण लांबीतून एक सेंमी वजा करा, त्याच्या साडेचार सेंमी अलीकडे सुरुवात करा. दोन्ही कडांना मिळून चार टाके दर दुसऱ्या फेरीला कमी करा, सात वेळा. मग दर फेरीला चार वेळा. १६ उरतात. ते आठ-आठ समोरासमोर ठेवून बोथट लोकरीच्या सुईनं टाक्याची नक्कल करत जोडा. बंद करून शिवलं तर बुटात ती कड टोचते.

एक मोजा झाला, दुसरा होतच नाही.

एका मोज्यात सुमारे १८,००० टाके असतात, जोडीत ३६,०००. मिनिटाला तीस पडले तरी वीस तास. तेव्हा आळस येतो यात नवल नाही. एकाच लांब तारेच्या सुईवर दोन गुंड्यांतून दोन्ही मोजे शेजारी शेजारी विणा. दोन्ही एकदमच संपतात आणि मापही तंतोतंत जुळतं. ते जमत नसेल तर पहिल्यात कुठल्या फेरीला टाके कमी केले ते वहीत लिहून ठेवा. नंतर मोजून काढणं फार किचकट.

हे मोजे पूर्वी खरंच कुणी हातानं विणून वापरायचे का?

राजघराण्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत. १५६२ साली वारलेल्या फ्लॉरेन्सच्या डचेस एलिओनोरा ऑफ टोलेडो हिच्या थडग्यात विणलेले लाल रेशमी मोजे सापडले, त्यांवरची नक्षी आजही विणायला घेतली तर घाम फुटेल. १५८९ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम लीनं मोजे विणायचं यंत्र काढलं. पण ते यंत्र सपाट विणायचं. मोज्याचा आकार देऊन मागं शिवण घालावी लागे. हातविणीला ती शिवण कधीच लागली नाही.

पायाच्या शिरा फुगल्यात (व्हेरिकोज), घट्ट विणलेले मोजे चालतील का?

नाही. त्यासाठीच्या मोज्यांचा दाब घोट्याशी जास्त आणि वर कमी असा मोजून ठरवलेला असतो. हातविणीत तो साधत नाही, आणि चुकीच्या जागी आवळलं तर त्रासच वाढेल. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायचे. मधुमेह असलेल्या माणसासाठी विणत असाल तर बॉर्डर सैल ठेवा, आत गाठी आणि जाड जोड ठेवू नका, आणि तरीही एकदा डॉक्टरांना विचारा.

धुवायचे कसे, ठेवायचे कसे?

कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवून, न चोळता. पिळू नका, जुन्या पंच्यात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवे पसरा. दोरीवर टांगले तर ओल्या वजनानं लांबतात. पावसाळ्याआधी पूर्ण वाळवून कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासोबत बंद पिशवीत ठेवा, आणि मधूनमधून काढून झटका. कसर लागते ती न धुता ठेवलेल्या लोकरीला आधी. अंगाचा मळ आणि घाम तिला आवडतो.

टाचेला भोक पडलं तर?

भोक पडायची वाट बघू नका. मोजा उजेडासमोर धरल्यावर टाचेचा भाग जाळीदार दिसायला लागला की त्याच लोकरीनं टाक्यावर टाका घालून भरून काढा. त्यासाठी विणून झाल्यावर उरलेली लोकर लेबलासकट जपून ठेवा. भोक पडलंच असेल तर आत विजेचा जुना बल्ब घालून रफू करा. आणि भोक हाताच्या मुठीएवढं झालं असेल, तर बोटांकडून घोट्यापर्यंत उसवा आणि नवं पाऊल विणायला घ्या.